नाकाची साक्ष

(पनवेल येथील वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



दारातून आत येताना तुमच्यापैकी किती जणांना फिनेलचा वास आला? हात वर करा. दहाबारा. आणि आत्ता किती जणांना येतोय? कुणालाच नाही. फिनेल आहे तिथेच आहे. तुमचं नाक मात्र पाच मिनिटांत त्याला कंटाळलं. नाकाचा हा स्वभाव लक्षात ठेवा, पुढे त्याच्याशी गाठ पडणार आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते ते सर आम्हाला आठवीपासून जुन्या अकरावीपर्यंत शास्त्र शिकवत. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी त्यांनी शिकवलं ते वास कसा घ्यायचा. परीक्षानळी नाकाला लावायची नाही. हातभर लांब धरायची आणि दुसऱ्या हाताच्या पंजाने वाफ आपल्याकडे ओढायची, आरती घेताना ज्योतीवरून हात फिरवतो तशी. मग त्यांनी प्रत्येकाला एक वही घालायला लावली. चार रकाने : तारीख-वेळ, वारा कुठून, जागा, वास कसला. शेवटच्या रकान्यात कुणी ‘चांगला’ किंवा ‘घाण’ लिहिलं की सर तांबडी रेघ मारत. म्हणत, “हे तुझ्याबद्दल झालं. वासाबद्दल लिही.”

ही माझी १९६९ सालची वही. पुठ्ठा गेलाय, पानं आहेत. एक नोंद वाचतो : ‘१४ जून, सकाळी सव्वासात. वारा खाडीकडून. मिरची गल्लीच्या तोंडाशी. मिरची नाही, ओलं गोणपाट.’ खाली सरांच्या तांबड्या अक्षरात : ‘नुसतं गोणपाट की आतलं धान्य भिजलं? दुकानदाराला विचार.’ मी विचारलं. धान्यच भिजलं होतं. दुकानदार मला मारायला धावला, पण थप्पी हलवली त्याने लगेच.

त्या काळी डोळे मिटून पनवेल फिरता येत असे. भाताच्या गिरणीजवळ आलात की कोंड्याचा कोरडा, गोडसर वास घशात बसायचा. मिरची गल्लीत शिंक यायची. धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना आपल्या गावात १८७२ सालापासूनचा. आमच्यासारख्या पोरांच्या लेखी पनवेल म्हणजे कुठेतरी काढा उकळतोय असंच गाव. एस.टी. स्टँडवर डिझेल आणि भज्यांचं तेल, तळ्याच्या काठाला शेवाळ. आणि मे महिन्यात, आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी सुरू झाली की उरण नाक्याच्या बाजूला सुकट, वाकट्या, बोंबील, जवळा, सोडे. ब्राह्मण आळीतली माणसं नाकाला उपरणं लावून तिथून जात, आणि त्यांच्यापैकीच एकदोघं अंधार पडल्यावर पिशवी घेऊन येत. नावं सांगत नाही. नातवंडं समोर बसली आहेत.

माझ्या आजीला वासासाठी ‘चांगला’ हा शब्द लागतच नसे. पीठ कुबट, खोबरं खवट, ताक आंबूस, खोली कोंदट, दूध करपट, अंड्याच्या भांड्याला हिवस, माठाचं पाणी मातकट, भाजलेलं वांगं धुरकट, बेसन खमंग, भाकरी खरपूस. रातराणीचा दरवळ, फोडणीचा घमघमाट, दारूचा भपकारा. हा प्रत्येक शब्द नुसता वास सांगत नाही, काय घडलं तेही सांगतो. खवट म्हणजे तेल हवेशी बोललं. कुबट म्हणजे ओल राहिली. करपट म्हणजे कुणाचं तरी लक्ष नव्हतं. माझ्या नातीला इंग्रजीत छप्पन्न रंगांची नावं येतात आणि वासांची दोन : छान आणि ‘ईऽऽ’. तिचा दोष नाही. पाकिटावर तारीख छापलेली असते, मग दुधाला नाक कोण लावणार?

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे : वास ही बातमी आहे. आपण तिला शोभेची वस्तू करून ठेवली, अत्तराच्या फायात आणि उदबत्तीत, आणि बातमी म्हणून ऐकणं सोडून दिलं.

माशाचंच घ्या. समुद्रातल्या जिवंत माशाच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. खाऱ्या पाण्यात तग धरायला तो लागतो, आणि त्याला वास नसतो. मासा मेला की जिवाणू त्याच्यातला ऑक्सिजन काढून घेतात आणि उरतं ट्रायमिथाइलअमाइन. आपण ज्याला माशाचा वास म्हणतो तो हा. म्हणजे तो माशाचा नाही, मासा मेल्याला किती वेळ झाला याचा आहे. हा पदार्थ अल्कधर्मी. त्याला आम्ल भेटलं की त्याचा क्षार होतो आणि तो उडून नाकापर्यंत येऊ शकत नाही. आगळ, चिंच, कोकम, लिंबू लावून मासे मुरवत ठेवणाऱ्या आमच्या आगरी-कोळी बायांना हे समीकरण फळ्यावर कुणी लिहून दाखवलं नव्हतं. गोड्या पाण्यातल्या माशाला हा वास फारसा नसतो, त्याला चिखलाचा असतो. तो कुठून येतो ते आता सांगतो, कारण त्याचं नातं थेट पावसाच्या वासाशी आहे.

पहिल्या पावसाच्या वासावर मराठीत इतकं लिहिलं गेलंय की मी भावनेच्या भागाला हात लावत नाही. १९६४ साली ऑस्ट्रेलियात इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोघांनी तापलेल्या दगडमातीतून वाफेने पिवळसर तेल काढलं आणि त्या वासाला ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं. मजा अशी की उत्तर प्रदेशातले अत्तरवाले तो वास आधीपासूनच बाटलीत भरून विकत आहेत, हेही त्यांनी लिहून ठेवलं. कनौजला आजही ‘मिट्टी’चं अत्तर निघतं. भाजलेल्या मातीच्या चकत्या तांब्याच्या डेगेत पाण्याबरोबर उकळायच्या, वाफ बांबूच्या नळीतून चंदनाच्या तेलावर सोडायची. ते तेल ज्या भांड्यात असतं त्याला तिकडे ‘भपका’ म्हणतात. आपल्याकडे भपका म्हणजे आत काही नसताना केलेला थाट; तिकडे सगळा ऐवज भपक्यातच.

या वासातला मुख्य रेणू जिओस्मिन. मातीतले स्ट्रेप्टोमायसीस नावाचे जिवाणू तो तयार करतात. बीटाला मुलं ‘मातीसारखं लागतं’ म्हणतात तेही यानेच, आणि तळ्यातल्या माशाच्या चिखलट वासालाही हाच जबाबदार. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत याचे पाचदहा भाग असले तरी माणसाला कळतो. इतकं तिखट नाक आपल्याला इतर फार थोड्या गोष्टींसाठी आहे. आता जिवाणूला वासाची हौस कशाला? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात उत्तर आलं : मातीत स्प्रिंगटेल नावाचे टिचकीसारखे उडणारे बारीक जीव असतात, ते या वासाकडे धावतात, जिवाणूंचा फराळ करतात आणि त्यांची बीजुकं अंगाला लावून दुसरीकडे नेऊन टाकतात. तुम्ही खिडकीत उभं राहून डोळे मिटून जो वास घेता, ती कुणाची तरी दुसऱ्याला पाठवलेली चिठ्ठी आहे. आपण मधल्यामध्ये फोडून वाचतो.

जुन्या नैयायिकांनी पृथ्वीची व्याख्याच गंधाने केली. पाणी, तेज, वायू यांचे गुण वेगळे. गंध ज्याला आहे ती पृथ्वी. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात हे सूत्ररूपाने आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने तर बृहत्संहितेत गंधयुक्तीचा एक अध्यायच घातला आणि त्यात हिशेब मांडला : सोळा सुगंधी द्रव्यांतून चार-चार निवडली तर १,८२० प्रकार, आणि त्यांची प्रमाणं बदलत गेलात तर १,७४,७२० सुगंध. ज्योतिषाचा माणूस अत्तराच्या दुकानात शिरला की असं होतं.

यातली मराठी माणसाला फारशी ठाऊक नसलेली गोष्ट अशी. पुण्याच्या भांडारकर संस्थेत परशुराम कृष्ण गोडे म्हणून क्युरेटर होते, मूळ देवरुखचे. जन्मभर हस्तलिखितांच्या सहवासात. पानसुपारी, अत्तर, उटणं अशा, विद्वान ज्यांना किरकोळ समजतात त्या गोष्टींचा त्यांनी इतिहास लिहिला. त्यांच्या हाती ‘गंधवाद’ नावाचा सुगंधशास्त्रावरचा संस्कृत ग्रंथ लागला, आणि त्याच्यावर मराठी टीका होती. गोड्यांनी त्याचा काळ साधारण १३५० ते १५५० च्या दरम्यानचा ठरवला. म्हणजे ज्ञानेश्वर आणि एकनाथ यांच्या मधल्या काळात कुणीतरी मराठी माणूस बसून, हे द्रव्य कसं कुटायचं, ते कशात भिजवायचं, धूप कसा द्यायचा, हे आपल्या भाषेत समजावून सांगत होता. आपण वारसा म्हणून किल्ले मोजतो. मोजावेत. पण या अनाम टीकाकाराचा एक अर्धपुतळा कुणी उभारला तर मी वर्गणी देईन.

आता ही डबी पहिल्या रांगेपासून मागे पाठवतो. आत एक पान आहे, चुरडून वास घ्या. सरांनी शिकवला तसा. ... काय म्हणता? आंबेमोहोर. बासमती. मागून कुणीतरी म्हणालं पुलाव. ही केवड्याच्या कुळातली वनस्पती, आपल्याकडे तिला अन्नपूर्णा म्हणतात, कुणी आंबेमोहोराचं पान म्हणतं. साध्या तांदळाच्या भातात एक तुकडा टाकला तर पाहुणा फसतो. या पानात, आंबेमोहोरात, बासमतीत रेणू तोच : टू-असिटाइल-वन-पायरोलिन. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला शिजलेल्या भातातून तो ओळखून काढला. ताज्या पावाच्या कवचात असतो, मक्याच्या लाह्यांत असतो.

आणि वाघाच्या फवाऱ्यात असतो. हसू नका. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधले रतनलाल ब्रह्मचारी वर्षानुवर्षं वाघांच्या मागे होते, त्यांच्या गर्जनेच्या नाही, वासाच्या. वाघ शेपटी उभारून झाडावर जो द्रव फवारतो, ज्याने तो ‘ही हद्द माझी’ असं लिहून ठेवतो, त्यात ब्रह्मचारींच्या गटाला हाच भाताचा रेणू सापडला. उदमांजराच्या अंगालाही शिजलेल्या बासमतीसारखा वास येतो. रानात रात्री कुणी भात रांधत नसताना भाताचा वास आला तर वर फांदीकडे बघावं.

तांदळात हा वास येतो कशाने, तर एका बिघाडाने. भाताच्या रोपात एक जनुक असतं, ते नीट चालू असलं की हा रेणू साठत नाही. बऱ्याच सुवासिक जातींत त्या जनुकातली आठ अक्षरं गळून गेलेली आहेत. काम बंद पडलं, वास साठला. कुणा एका शेतकऱ्याच्या मळणीत हे दाणे इतरांसारखेच दिसले असणार, पण रांधताना चुलीपाशी बसलेल्या बाईने मान वर केली असेल आणि म्हणाली असेल, या खाचरातलं बियाणं वेगळं काढून ठेवा. प्रयोगशाळा ती चूल, उपकरण तिचं नाक. आमच्या रायगडात आज याच भाताच्या खाचरात काठीला पिशवी बांधलेले कामगंध सापळे दिसतात. खोडकिड्याच्या मादीचा वास नकली तयार करून नराला बोलावायचं. हे काम मात्र आपल्या नाकाला पूर्ण अज्ञात राहतं. आपण सापळ्याजवळ उभे असतो, नर धावत येत असतात, आणि आपल्याला काहीच कळत नाही. वासाच्या जगातही आपण एका खिडकीपुरतेच.

जूनच्या पहिल्या सरींबरोबर कातकरी, ठाकर बाया बाजारात शेवळाच्या जुड्या आणि काकडं घेऊन बसतात. त्या बाजारातलं एक दृश्य. माझी आई शेवळं घ्यायला मला बरोबर न्यायची. बाई जुडी सोडायची, एकेक कोंब नाकाजवळून न्यायची, आणि पाचसहांतला एक मागे टाकायची. तिला विचारलं तर म्हणाली, “उमलाया लागलं.” शेवळ ही सुरणाची बहीण. तिचा आधी फुलोरा येतो, मग पान. कोंबातला तांबूस-जांभळा दांडा उमलला की असा कुजका दर्प सोडतो, की माश्या आणि भुंगे कुठे काही मेलंय समजून धावतात आणि परागीकरण करून हात हलवत जातात. आपण उमलायच्या आधी खुडतो, आतला पिवळा-केशरी भाग काढून टाकतो, खाज मारायला काकडं घालतो, आणि त्याची भाजी मटणाच्या तोडीची म्हणून खातो. फसवणूक अर्ध्यावर थांबवली की भाजी होते, एवढाच अर्थ.

फुलांच्या बाबतीत आपण उगाच काव्यमय होतो. मोगऱ्यात इंडोल असतं, आणि इंडोल विष्ठेतही असतं. प्रमाण बदललं की जात बदलते. पांढरी, रात्री उमलणारी फुलं वास का सोडतात, तर अंधारात रंग दाखवून उपयोग नाही. लांब सोंडेचे पतंग वाऱ्यावरून तो धागा पकडत येतात. २०२४ साली ‘सायन्स’मध्ये एक संशोधन आलं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात रात्री फुलणाऱ्या एका रानफुलावर. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि ओझोन मिळून नायट्रेट रॅडिकल तयार होतात. दिवसा ऊन त्यांना मोडतं. रात्री ते साठतात आणि फुलाच्या वासातले ठरावीक रेणू वाटेतच तोडून टाकतात. धागा तुटतो. अशा, वास बिघडलेल्या फुलांवर येणारे पतंग सत्तर टक्क्यांनी घटले. मी हे वाचलं तेव्हा माझ्या अंगणातला पारिजातक मला आठवला. कळंबोलीला एक्स्प्रेस वे सुरू होतो, पळस्प्याला गोव्याचा रस्ता फुटतो, आणि रात्रभर कंटेनर जात असतात. झाड बिचारं रोज रात्री चिठ्ठ्या लिहितं.

आता स्वतःकडे येतो, कारण इथपर्यंत मी साळसूदपणे बोलत आलो. मी छत्तीस वर्षं रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. पगार त्याचा, घर त्याचं, मुलींची शिक्षणं त्यावर. संध्याकाळी घरी आलो की बायको शर्ट धुवायला घेताना नाकाशी नेई आणि सांगे, “आज नायट्रोबेंझीनकडे होतात.” कडू बदामासारखा वास. किंवा, “आज कुणाची तरी जागा भरलीत, हा तुमचा वास नाही.” मराठीत ‘वास’ म्हणजे राहणं आणि ‘वास’ म्हणजे गंध, ती माझ्या शर्टात दोन्ही वाचत असे. मला मात्र दुपारनंतर काही येतच नसे. फिनेलसारखंच. यात एक गोष्ट जीवावरची आहे, म्हणून सांगतो. सडक्या अंड्याचा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड थोडा असला की कळतो, पण प्रमाण दशलक्षात शंभर भागांच्या आसपास गेलं की वासाची संवेदनाच बधिर होते. गटारात, टाकीत उतरलेला माणूस म्हणतो, “वास गेला,” आणि आणखी खाली उतरतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं नव्हे.

उलट बाजूने, ज्या वायूला वासच नाही त्याला आपण मुद्दाम वास लावतो. १९३७ साली टेक्सासमधल्या न्यू लंडन गावी शाळेच्या इमारतीखाली गॅस साठला, कुणाला कळला नाही, आणि स्फोटात तीनशेच्या आसपास मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर गॅसला वास घालायचे कायदे झाले. तुमच्या सिलिंडरला जो वास येतो तो गॅसचा नाही, त्यात घातलेल्या मरकॅप्टनचा आहे. सरकारने नाकावर एवढा भरवसा इथे टाकला आहे. इतर ठिकाणी टाकत नाही, ते कसं ते ऐका.

निवृत्तीनंतर मी पुन्हा वही सुरू केली. रात्री साडेदहा-अकरानंतर, विशेषतः हिवाळ्यात, आमच्याकडे एक वास येऊ लागला होता. आंबूस, वर थोडा कोबी उकडल्यासारखा, मागे सॉल्व्हंट. छत्तीस वर्षांचं नाक होतं, अंदाज होता. तीन महिन्यांच्या नोंदी घेऊन मी एका कार्यालयात गेलो. कोणत्या ते सोडा. टेबलापलीकडच्या तरुणाने वही चाळली, मला चहा विचारला, आणि म्हणाला, “काका, पण किती पीपीएम?” मी म्हटलं, माझ्या नाकाला आकडे फुटत नाहीत. तो म्हणाला, “मग हे सब्जेक्टिव्ह झालं.” सरांनी जी तांबडी रेघ मारली असती ती यानेही मारली, फक्त चुकीच्या जागी.

न्यायाने सांगायचं तर रात्री वास आला म्हणजे रात्रीच सोडला असं दरवेळी नसतं. थंडीत सूर्यास्तानंतर जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा जड होऊन बसते, वरची उबदार हवा झाकणासारखी वर राहते. दिवसा वर उडून जातं ते रात्री आपल्या अंथरुणाशी येतं. म्हणूनच तर वेळ आणि वाऱ्याचा रकाना हवा. पण ‘नाक सब्जेक्टिव्ह’ हे मात्र निव्वळ अज्ञान. दुर्गंधी मोजायची जगातली मान्य पद्धत नाकाचीच आहे. युरोपात २००३ पासून प्रमाणित रीत अशी, की हवेचा नमुना शुद्ध हवेने पातळ करत जायचा आणि प्रशिक्षित माणसांच्या गटातल्या निम्म्यांना तो कळेनासा होईपर्यंत किती पट पातळ करावा लागला ते मोजायचं. जपानने १९७१ सालीच दुर्गंधी नियंत्रणाचा कायदा केला आणि पुढे वास-परीक्षकांसाठी सरकारी परवाना ठेवला. नाकाचा परवाना! त्याच जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २००१ साली देशातल्या शंभर सुवासिक जागांची यादी केली. घाण हटवणं आणि सुवास जपणं हे एकाच खात्याचं काम आहे, असं त्यांना वाटलं. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही २००८ मध्ये दुर्गंधीबाबत मार्गदर्शिका काढली. ती त्या टेबलापर्यंत पोचली नव्हती.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात कारखान्याच्या रंगाने कुत्री निळी झाली, आठवतं? फोटो जगभर गेले आणि आठवड्याभरात यंत्रणा हलली. तिथल्या कासाडी नदीकाठचे लोक त्याच्या कितीतरी आधीपासून वासाबद्दल बोलत होते. पण वासाचा फोटो निघत नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये मला करोना झाला, सौम्यच. एका दुपारी मी स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलो होतो आणि बायको बाहेरच्या खोलीतून धावत आली. माझ्यापासून चार हातांवर दूध करपून पातेलं काळं पडलं होतं. मला काही नाही. घ्राणेंद्रियाबद्दल जे वाचलं होतं ते सगळं त्या क्षणी आठवलं : लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली शोधलेली ग्राहकांची जनुकं, २००४ चं नोबेल, माणसात असे साधारण चारशे प्रकार, एकेक वास म्हणजे पेटीवर एकदम दाबलेल्या चारपाच पट्ट्या, आणि हा संदेश मेंदूत इतर इंद्रियांसारखा वळसा घेत नाही, सरळ स्मृती आणि भावनांच्या दारात जातो. सगळं ज्ञान शाबूत होतं. पेटी बंद होती.

डॉक्टरांनी वासाचा व्यायाम सांगितला. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ साली मांडलेली रीत : गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली नाकाशी धरायची आणि तो वास आठवायचा प्रयत्न करायचा. दोन महिने मी रिकाम्या बाटल्या हुंगत होतो. वहीत लिहायचो : ‘लवंग : नाही. गुलाब : नाही.’ ३ जुलैला सकाळी शेजाऱ्यांच्या खिडकीतून काहीतरी आलं. धारदार, खारट, थोडं जळकं. शेजारीण जवळा भाजत होती. एरवी ज्या वासासाठी सोसायटीच्या सभेत ठराव आणायची भाषा होते तो. मी गॅलरीत उभा राहून लहान मुलासारखा ओरडलो. बायकोला वाटलं पडलो. ती म्हणाली, आधी लवंग यायला हवी होती ना? पण पहिली बातमी मासळीचीच आली.

वेळ झाली आहे, अध्यक्ष घड्याळ बघताहेत. वही अजून चालू आहे. आजची नोंद इथे येऊन केली ती वाचतो आणि बसतो.

‘१० जानेवारी. संध्याकाळी पावणेसहा. वारा वायव्येकडून, मंद. सभागृहाचं फाटक. आंब्याला मोहोर आहे, वास झाडाखाली गेल्यावरच. सव्वासहा : वडे तळायला सुरुवात, तेल कालचं. पायरीवर फिनेल. फिनेलच्या खाली आणखी काहीतरी आहे, ओलसर, जुन्या लाकडासारखं. ओळख पटली नाही. जाताना पुन्हा बघणे.’